बाइकचा गिअर लिव्हर सैल हलतोय? आधी खेळ (ढिलेपणा) कुठे आहे ते शोध

भावा, लगेच पाना उचलू नकोस. गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद. एका हाताने लिव्हर हळू वरखाली कर आणि दुसऱ्या हाताची बोटं लिंकेजच्या (लिव्हरला इंजिनशी जोडणाऱ्या भागांच्या) एकेका जोडावर ठेव. जिथे आधीचा भाग हलतो आणि पुढचा हलत नाही, तिथेच दोष.

यामाहा आर१५ सारख्या बाइकमध्ये लिव्हरपासून इंजिनच्या शाफ्टपर्यंत एक रॉड जातो. बहुतेक वेळा शाफ्टवरच्या आर्मचा (रॉड शाफ्टला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) बोल्ट सैल झालेला असतो. तो साधारण १० नंबरच्या पान्याने आवळला जातो. पण नुसता आवळून सोडू नकोस, आर्म बाहेर काढून आतले दाते बघ. दात्यांना धार असेल तर ब्रशने साफ करून परत बसव. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर बोल्ट कितीही आवळ, आर्म पुन्हा घसरणारच. तेव्हा आर्म बदल. आर्म शाफ्टला वेल्डिंग मारून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नकोस, पुढे शाफ्ट बदलायला इंजिन उघडावं लागतं.

काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्टवर मार्करने एक रेघ ओढ, म्हणजे कोन चुकणार नाही. बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, म्हणून तो पूर्ण काढल्याशिवाय आर्म निघत नाही. हातोडी लावू नकोस.

रॉडच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, तिथला लॉकनट (रॉड जागेवर पक्का ठेवणारा नट) सोडताना दिशा बघ. रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंटच (गोळीवर फिरणारा जोड) खुळखुळत असेल तर ग्रीसने भागत नाही, नवा घाल.