केवे : जिल्हा की पंचक्रोशी?

प्रश्न : पेरूमधला गवताचा झुलता पूल ‘केवे जिल्ह्यात’ आहे असं वाचलं. नकाशात पाहिलं तर तिथे जेमतेम एक गाव दिसलं. एवढासा जिल्हा कसा? आणि त्याचा कारभार कोण बघतं?

उत्तर : घोळ ‘जिल्हा’ या शब्दाने घातलाय. पेरूत ‘दिस्त्रितो’ ही कारभाराची सगळ्यात खालची पायरी. कुस्को विभागात 13 प्रांत, त्यांतला एक कानास, कानासचे 8 दिस्त्रितो आणि त्यांतला एक केवे. देशभरात असे 1,800हून जास्त आहेत. म्हणून मी त्याला जिल्हा म्हणतच नाही, पंचक्रोशी म्हणते.

या पंचक्रोशीला आल्काल्दे, म्हणजे नगराध्यक्ष असतो आणि सोबत निवडून आलेले सदस्य. निवडणूक दर 4 वर्षांनी. पण तेवढ्यावर थांबलात तर केवे कळणार नाही. जमिनीचा आणि श्रमाचा हिशोब राहतो शेतकरी समुदायांकडे. 1969च्या जमीन सुधारणेनंतर ‘आदिवासी समुदाय’ हे त्यांचं सरकारी नाव जाऊन ‘शेतकरी समुदाय’ आलं. त्यांची स्वतःची सभा असते, स्वतःचे पदाधिकारी असतात. सामूहिक कामाला ‘फाएना’ म्हणतात, आणि फाएनाला घरटी माणूस यावंच लागतं.

पूल हे अशाच श्रमाचं काम. केस्वाचाका त्याचं नाव. खाली आपुरिमाक नदी, अरुंद घळीत घुसमटून वाहणारी. विन्चिरी, चाउपिबांदा, चोक्काय्वा आणि क्कोयाना केवे हे चार समुदाय दर जूनमध्ये तो नव्याने विणतात. गाड्यांसाठी शेजारी पक्का पूल आहे, तरीही.

मी गेले तेव्हा एका आजींच्या शेजारी बसले होते. कोया नावाचं कडक गवत त्यांनी भिजवलं, गोल दगडाने चेचलं आणि दोन्ही तळव्यांमध्ये वळायला घेतलं. मी वळलेली दोरी दोनदा उलगडली. त्यांनी न बोलता माझ्या हातावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा धरून दाखवलं. घराघरांतून अशी बारीक दोरी येते, तिचे जाड दोर होतात. पायाखाली चार, हाताला दोन. ते दोन्ही काठांवरची माणसं मिळून ओढतात. जुना पूल तोडून नदीत सोडतात. विणकाम चालू असताना बायकांनी पुलावर जाऊ नये असा तिथला दंडक आहे, त्यामुळे आजींनी आयुष्यभर दोरी वळली ती काठावर बसूनच. मला ते खुपलं, अजून खुपतं.

उंची साडेतीन हजार मीटरच्या वर, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सुनी’ पट्टा. त्याच्या वर 4,000 मीटरपासून ‘पुना’ : लामा, अल्पाका आणि नुसतं गवत. सुनीत बटाटा, ओका नावाचं कंदमूळ, सातू पिकतात. जूनच्या रात्री कडाक्याचा गारठा पडतो. त्यात बटाटे उघड्यावर गोठवतात, पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकतो.

महामारीमुळे 2020मध्ये पूल विणला गेला नाही. मार्च 2021मध्ये तो कोसळला आणि त्याच वर्षी जूनमध्ये चारही समुदायांनी तो पुन्हा उभा केला. जायचं असेल तर जूनचा दुसरा आठवडा धरा, आणि आधी कुस्कोत दोन-तीन दिवस राहून हवेची सवय करून घ्या.