सांगलीत एमएस्सी प्रोजेक्ट: कॅल्शियम कार्बोनेटचे पोकळ गोळे हवेत, पण चौकोनी स्फटिकच मिळतात. पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) आणि एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ) वापरतोय. काय चुकतंय?

चौकोनी म्हणजे कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेटचं टिकाऊ स्फटिकरूप. गोळे व्हेटेराइट या त्याच्याच दुसऱ्या, कमी टिकाऊ रूपाचे असतात आणि व्हेटेराइट पाण्यात टिकत नाही. विरघळून पुन्हा कॅल्साइट म्हणून बसतं. बहुधा तुम्ही साका रात्रभर पाण्यातच ठेवता.

असं करून बघा. 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 1.06 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, 0.1 ग्रॅम पीव्हीपी, 0.14 ग्रॅम एसडीएस. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं मॅग्नेशियम स्फटिकाचा आकारच बदलतं. दुसऱ्या बीकरमध्ये 100 मिलीत 1.47 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. हे पहिल्यात एकदम ओता, थेंबथेंब नाही. ढवळणं बेताचं, नाहीतर नुसता फेस. दहा मिनिटांत गाळा, पाण्याने आणि मग इथेनॉलने धुवा, 60 अंशांवर वाळवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या खोलीत काम असेल तर बीकर 25 अंशांच्या पाण्यात ठेवा.

एसडीएस आधी पीव्हीपीत मिसळलेलं हवं. मोकळं एसडीएस कॅल्शियमशी जुळून पांढरा, मेणचट साका देतं आणि तोच माल समजून लोक फसतात. एसडीएस वाढवून काही साधत नाही.

गोळे भरीव निघाले तर गाळायची वेळ 10, 20, 40 मिनिटं अशी बदलून पाहा: आतले बारीक कण विरघळून कवचावर बसायला वेळ लागतो, पण जास्त थांबलात की कॅल्साइट. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखायची चाचणी) कॅल्साइटचं 29.4 अंशांचं शिखर वाढलं की उशीर झाला. पोकळी बघायला थोडी पूड खलात हलकेच चिरडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) फुटके गोळे शोधा.