साईटवरचं टेन्शन: लीड्सला निघालेल्या नाशिकच्या मित्राला

पाथर्डी फाट्याला सात वर्षं साईट सुपरवायझर, आता इंग्लंडमध्ये लीड्सजवळ साईट इंजिनीअरची ऑफर. पगार, भाडं, थंडी, सगळं विचारलंस आणि शेवटी जाता जाता लिहिलंस, ‘दादा, तिकडे कामाचं टेन्शन किती असतं?’ बाकीचं तुला कोणीही सांगेल. मी या शेवटच्या प्रश्नावरच लिहितो, कारण माझं इथलं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

काम तुला जमेल. जड जातो तो एकटेपणा. आपल्याकडे रात्रभर स्लॅब भरला की सकाळी मुकादम, सेंट्रिंगवाले, आपण, सगळे मिसळ खायला एकत्र. इथे साडेचार वाजले की जो तो आपल्या गाडीत. डिसेंबरात अंधारात कामावर जायचं आणि चारच्या सुमाराला परत अंधार. त्यात पतसंस्थेचं कर्ज आणि कंपनीला बांधलेला व्हिसा. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची हमी घेणारी दुसरी कंपनी, शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. या भीतीने आपली माणसं तोंड उघडत नाहीत. मीही उघडलं नाही. पंचवटीत आईला फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणायचो आणि फोन ठेवून बुटांसकट पलंगावर बसून राहायचो.

तिसऱ्या महिन्यात एका फुटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, लेव्हल मी चुकीची लिहून दिली. तब्बल १०० मिलिमीटरचा फरक. काँक्रीटची गाडी यायच्या आधी फोरमनच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. आता खरडपट्टी निघणार असं वाटलं. त्याने मला केबिनमध्ये नेलं, दार लावलं, चहा केला आणि विचारलं, ‘शेवटचा नीट झोपलास कधी?’ मला रडूच फुटलं. त्याच्या हेल्मेटवरचा हिरवा स्टिकर मी रोज बघायचो, अर्थ माहीत नव्हता. तो साईटचा मेंटल हेल्थ फर्स्ट एडर होता. डॉक्टर नव्हे, ऐकून घ्यायचं कसं आणि पुढे कुठे पाठवायचं, याचं प्रशिक्षण घेतलेला आपल्यातलाच माणूस.

हे लाड नाहीत. इंग्लंडमधल्या २०११ ते २०१५ च्या सरकारी आकडेवारीत, बांधकामावरच्या अकुशल पुरुष कामगारांमध्ये आत्महत्येचं प्रमाण तिथल्या पुरुषांच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त निघालं. घरापासून लांब राहणं, आज आहे उद्या नाही असं काम, ‘पुरुषासारखं सहन कर’ ही सवय. आपल्या अंबड-सातपूरच्या साईटवर तरी वेगळं काय आहे? फक्त कोणी मोजत नाही.

आल्या आल्या पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरतोयस, तो यासाठीच. तू जीपीला सांगितलेलं तुझ्या संमतीशिवाय कंपनीला कळत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते. इंग्लंडमध्ये टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे समुपदेशनासाठी, स्वतःच अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत. ७ दिवसांपर्यंतची आजारपणाची रजा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चालते, पण त्या दिवसांचा पगार किती मिळेल ते सही करण्याआधी करारात बघ. बांधकामवाल्यांसाठी लाइटहाउस या संस्थेची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, ०३४५ ६०५ १९५६. बऱ्याच साईटवर टॉयलेटच्या दारामागे हा नंबर चिकटवलेला असतो. दार लावून, कोणी बघत नसताना वाचता यावा म्हणून.

आणि एक, इथे सकाळी ‘ऑलराइट?’ म्हणतात तो नुसता नमस्कार असतो. कोणी थांबून परत विचारलं, तर खरं सांग.

वहिनींना टेली-मानसचा, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दे, तिथे मराठीत बोलता येतं. मागे राहणाऱ्यालाही ओझं असतंच. माझ्या बायकोने दोन वर्षं ते एकटीने ओढलं आणि मला पत्ता नव्हता.

तिकीट काढलंस की तारीख कळव. पहिल्या रविवारी मी तुझ्याकडे येतो, जीपीचा फॉर्म बरोबरच भरू.