सेलमधली ४२% सूट आणि कॅमेऱ्याचा खरा भाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची बॉडी, किट लेन्स (बॉडीबरोबर संचात येणारी) आणि शक्य झाल्यास एक ५० मिमी लेन्स घ्यायची आहे, बजेट ७५ हजार. पानावर '४२% सूट' दिसतेय, ती खरी मानायची का?

तो टक्का बघूच नका. तो एमआरपीवरून काढलेला असतो, आणि एमआरपीला कॅमेरा सहसा कुणी विकत नाही, अगदी कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा. तीच वस्तू गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष कितीला मिळत होती, तिथून सूट मोजायची. समजा एमआरपी १,१५,००० आहे आणि सेलमध्ये किट ६६,७०० ला लावलंय. पान म्हणणार ४२%. ऑगस्टभर तेच किट ६९,००० ला मिळत असेल तर तुमचे वाचले २,३००, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी रात्री बारापर्यंत जागायची गरज नाही.

जुना भाव बघायला अ‍ॅमेझॉनसाठी कीपा हे ब्राउझर एक्स्टेंशन चांगलं आहे. फ्लिपकार्टसाठी बायहटके वापरा. कीपाच्या आलेखात 'नवीन' मालाची रेषा तेवढी चालू ठेवा, वापरलेल्या मालाची बंद करा, आणि कालावधी किमान सहा महिने घ्या. महिनाभराचाच आलेख पाहिलात तर हमखास फसाल. सेलच्या आधी पंधरा-वीस दिवस भाव चढवायचा आणि सेलच्या दिवशी होता तिथे आणून ठेवायचा, हा जुना खेळ आहे; सहा महिन्यांच्या रेषेत तो उंचवटा लगेच डोळ्यांत भरतो. बँकेची कार्ड-सूट, कुपन आणि एक्स्चेंजची रक्कम मात्र आलेखात सहसा धरलेली नसते. तेव्हा तुलना करताना आजचा भावही कार्ड-सूट वजा करण्याआधीचा घ्या, नाहीतर उगाच मोठी सूट मिळाल्यासारखी वाटते.

पुढची अडचण नावाची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. एकाच पानावर नुसती बॉडी, किट, दोन लेन्सचा संच असे पर्याय असतात आणि भाव शोधताना त्यांची सरमिसळ होते. म्हणून नाव सोडून मॉडेल कोड बघा. सोनी ए६४०० चंच घ्या: आयएलसीई-६४०० म्हणजे फक्त बॉडी, शेवटी 'एल' असेल तर सोबत १६-५० मिमीची पॉवर झूम (मोटरवर फिरणारी) लेन्स, 'एम' असेल तर १८-१३५. 'एम' चा जुना भाव धरून 'एल' स्वस्त मिळाला असं समजणारे कमी नाहीत. '१६ जीबी कार्ड आणि बॅग मोफत' हा मजकूर पूर्ण दुर्लक्षित करा. त्या दोन्हींची मिळून किंमत काहीशे रुपये, आणि ४के व्हिडिओ काढणार असाल तर कार्ड तुम्हाला व्ही३० या वेगाच्या दर्जाचं, ६४ जीबी तरी घ्यावंच लागेल.

५० मिमी एफ १.८ लेन्सच्या (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) बाबतीत तर जास्तच जपून. सोनीत एसईएल५०एफ१८ आणि एसईएल५०एफ१८एफ या दोन वेगळ्या लेन्स आहेत, फरक शेवटच्या एका अक्षराचा. पहिली एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठीची आणि स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली. दुसरी फुलफ्रेमची (मोठ्या सेन्सरची), तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. ए६४०० च्या बॉडीतही ते नाही, म्हणजे कमी उजेडात हातात धरून फोटो काढताना फरक पडणारच. सेलमध्ये दुसरी स्वस्त दिसली की लोक पहिली समजून मागवतात. निकॉनमध्ये एएफ ५० मिमी एफ १.८डी ही जुनी लेन्स स्वस्तात दिसते. तिला फोकसची मोटर बॉडीत लागते. डी३५००, डी५६०० मध्ये ती मोटर नाही, आणि निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स बसवायचा जोड) लावूनही तिचा ऑटोफोकस चालत नाही. त्याऐवजी १.८जी घ्या, तिच्यात मोटर लेन्समध्येच असते. कॅननच्या आर५० किंवा आर१० ला ईएफ (जुन्या, डीएसएलआरच्या जोडणीची) ५० मिमी घेतलीत तर अडॅप्टरचा खर्च वेगळा. तो धरला की आरएफ (मिररलेसच्या जोडणीच्या) ५० मिमी एफ १.८ कडे वळणंच शहाणपणाचं.

नवी, पण पांढऱ्या खोक्यातली किंवा बिनखोक्याची लेन्स दिसली तर ती बहुधा किट फोडून काढलेली असते. बॉडी एकाला, लेन्स दुसऱ्याला. काच तीच, त्यामुळे वाईट माल म्हणता येणार नाही, पण वॉरंटी कार्ड आणि बिल तुमच्या नावावर येतंय का हे आधी लेखी विचारा. गोलमाल उत्तर आलं तर ती लेन्स बिनवॉरंटीची धरा आणि त्याच हिशेबाने भाव द्या.

आता पैशाचं गणित. '१०% तत्काळ सूट' या ओळीच्या खाली बारीक अक्षरात कमाल मर्यादा असते. ती १,५०० असेल तर ६६,७०० वर तुमची सूट सव्वादोन टक्के झाली. मोठ्या रकमेवर कधी कधी वाढीव बोनस असतो, तो वेगळा शोधावा लागतो. 'नो कॉस्ट ईएमआय' हाही पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करतो, आणि त्या व्याजावरचा १८% जीएसटी तुमच्या माथी येतो. ६०,००० ची वस्तू, १२ हप्ते, १६% दर धरला तर व्याज साधारण ४,९०० आणि त्यावर जीएसटी ८८० च्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे अकराशे रुपये गेलेच. शिवाय काही ठिकाणी ईएमआय निवडला की कार्डाची सूट बदलते. दोन्ही मार्गांनी चेकआउटपर्यंत जाऊन शेवटचा आकडा बघा.

लग्नाची कामं घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबच बदलतो. ६६,७०० मध्ये सुमारे १०,१७५ कर आहे, आणि तुमच्या जीएसटी क्रमांकाचं बिल मिळालं तर त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते. दोन हजार स्वस्त देणारा विक्रेता असं बिल देत नसेल तर तो महागच पडला. जाता जाता: सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसीवरचा कर २८ वरून १८ झाला, तेव्हा कॅमेऱ्यांवरही 'जीएसटी कपातीची सूट' अशा पाट्या दिसल्या असतील. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर १ जानेवारी २०१९ पासूनच १८% आहे.

खरी मोठी सूट दोन कारणांनी मिळते. एक, कंपनीची स्वतःची सणासुदीची कपात. ती असली की ऑनलाइन आणि अधिकृत डीलर दोघांकडे भाव जवळपास सारखाच असतो. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात दोन दुकानांत 'पक्क्या बिलाचा भाव' विचारून घ्या, बॉडी हाताळायलाही मिळेल. दुसरं कारण, नवं मॉडेल येणं. जुलै २०२४ मध्ये सोनी झेडव्ही-ई१० चं दुसरं मॉडेल आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये निकॉन झेड५० चं, मे २०२४ मध्ये सिग्मा कंपनीच्या २४-७० एफ २.८ लेन्सचं. अशा वेळी जुना माल काढायचा असतो आणि तिथे सूट सहा महिन्यांच्या तळाच्याही खाली जाऊ शकते. नव्या मॉडेलमधलं तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा. काहीच नसेल तर जुनं बिनधास्त घ्या. लेन्सचे भाव बॉडीपेक्षा सावकाश उतरतात, त्यामुळे लेन्सवर अचानक ४०-५०% खरी घट दिसली तर आधी विक्रेत्याचं नाव तपासा. अनोळखी नाव, नवं खातं, 'ऑर्डरआधी व्हॉट्सअ‍ॅप करा' असा मजकूर, यातलं काहीही असलं तर पान बंद करा. 'फक्त २ शिल्लक' ला घाबरू नका. खोटी घाई दाखवणं हा प्रकार २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या यादीतच आहे.

विक्रेता कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का, आणि परतीची अट 'रिफंड' आहे की 'फक्त बदली', हे पैसे भरण्याआधी वाचा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

खोकं आलं की सील तोडण्याआधीपासून सलग व्हिडिओ. आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना-वर्ष असलेलं स्टिकर हवंच. नसेल तर माल बहुधा बाहेरच्या वाटेने आलाय आणि भारतातली वॉरंटी विसरा. खोक्यावरचा, बॉडीच्या तळाचा आणि वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक जुळवा. कॅमेरा पहिल्यांदा चालू केल्यावर भाषा आणि वेळ विचारतो. नाही विचारलं तर कुणीतरी आधी वापरलाय. निकॉनचा फोटो एक्झिफटूल (फोटोतली दडलेली माहिती दाखवणारा प्रोग्राम) मध्ये उघडला की शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) दिसतो, नव्या बॉडीत तो काही डझनांपलीकडे नसावा.

लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून मागून बघा, जाळीसारखी बुरशी दिसली तर त्याच दिवशी परत. स्टिकरवरची तारीख दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि गोदाम कोकणपट्टीतलं असेल तर हे विशेष निगुतीने करा. मग भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे १००% वर बघा. चारही थोडे मऊ (किंचित पुसट) असतील तर ती त्या लेन्सची जात. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा सरळ आहे ना हे बघून पुन्हा काढा, आणि तरीही तसाच आला तर बदली मागा. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीला बिल, तो व्हिडिओ, हे दोन फोटो आणि परतीच्या अटीचा स्क्रीनशॉट जोडा.