शंका-समाधान : पायझो चकतीचे रीडिंग एका जागी का राहत नाही?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधल्या पॉवर प्रेसला 27 मिमीची पायझो चकती (दाब किंवा ठोका बसला की विजेचा सिग्नल देणारी) चिकटवली आहे. तिच्या दोन्ही तारा तीन मीटर केबलने 16 चॅनेलच्या डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाला (सेन्सरचे सिग्नल मोजून संगणकाला देणारे कार्ड) डिफरन्शियल पद्धतीने, म्हणजे दोन तारांमधला फरक मोजला जाईल अशा, जोडल्या आहेत. प्रेस बंद असतानाही रीडिंग हळूहळू सरकत टोकाला जाऊन अडकते. शेजारच्या चॅनेलचा सिग्नलही त्यात उमटतो. पावसाळ्यात रोज वेगळाच आकडा. दोन चकत्या बदलून झाल्या.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तिसरी चकती आणू नका. आधी तिच्या जागी 22 नॅनोफॅरॅडचा प्लॅस्टिक फिल्म कपॅसिटर जोडून पाहा. (सिरॅमिक नको, त्यातले बरेचसे प्रकार ठोकल्यावर स्वतःच सिग्नल देतात.) रीडिंग तरीही सरकले, तर दोष जोडणीत आहे, आणि तुमच्या वर्णनावरून तो तिथेच असावा.

चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने सुमारे 20 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. कार्डाच्या इनपुटमधून अगदी थोडा करंट सतत वाहत असतो. तो एक नॅनोअँपिअर धरला तरी चकतीवर सेकंदाला 50 मिलिव्होल्ट साठतात आणि तीन-साडेतीन मिनिटांत 10 व्होल्ट होतात. त्याला परतीची वाटच नाही. पावसाळ्यात सोल्डरच्या जोडावर उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि नको तिथून वाट काढून देतो, म्हणून आकडा रोज बदलतो.

शेजारच्या चॅनेलचे कारण वेगळे. अशा बहुतेक कार्डांत एकच एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) सगळ्या चॅनेलवर आळीपाळीने फिरतो. आधीच्या चॅनेलचा चार्ज आतल्या छोट्या कपॅसिटरवर राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडाथोडा चकतीवर ओतला जातो. स्कॅनचा वेग कमी केल्यावर हा त्रास घटला, तर निदान पक्के समजा.

दोन्हींवर खरा उपाय म्हणजे चकतीजवळच बफर, म्हणजे चकतीवर भार न टाकता तिचा सिग्नल पुढे देणारे सर्किट. एमसीपी6002 ही दोन ऑप-अँपची (अँप्लिफायरची) आयसी 5 व्होल्टवर चालते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारून पाहा. दोन 100 किलोओहमच्या रेझिस्टरनी 2.5 व्होल्टचा मध्यबिंदू करा, त्यावर 10 मायक्रोफॅरॅड लावा. चकतीची एक तार ग्राउंडला, दुसरी 1 मेगओहममधून या मध्यबिंदूला. त्याच दुसऱ्या तारेवरून 47 किलोओहममधून ऑप-अँपचे प्लस इनपुट घ्या, मायनस त्याच्याच आउटपुटला जोडा. हा 47 किलोओहम गाळू नका: प्रेसच्या ठोक्याला चकती कित्येक व्होल्ट देते आणि या आयसीच्या इनपुटला 2 मिलिअँपिअरपेक्षा जास्त सोसत नाही. आउटपुटला सिरीजमध्ये 1 किलोओहम ठेवा, नाहीतर लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे ऑप-अँप थरथरू लागतो. आयसीतला उरलेला दुसरा ऑप-अँपही मोकळा सोडू नका. त्याचे प्लस इनपुट मध्यबिंदूला, मायनस त्याच्याच आउटपुटला.

1 मेगओहममुळे साधारण 8 हर्ट्झच्या खालचे सगळे कापले जाते. ठोक्यासाठी ते चालते. चकतीवर स्थिर वजन मोजायचा विचार असेल तर मात्र सोडून द्या, त्याला लोडसेलच (स्थिर वजन मोजणारा सेन्सर) हवा.

केबल तीन तारांची (5 व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल) शिल्डेड घ्या आणि शिल्ड फक्त कार्डाच्या टोकाला ग्राउंड करा. चकतीची पितळी बाजू प्रेसच्या लोखंडाला टेकली तर 50 हर्ट्झचा गुणगुणाट येईल, म्हणून मध्ये पातळ फायबर शीट घाला. जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून मग सिलिकॉन लावा. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन टाळा, त्यातले आम्ल तांबे खाते. हेअर ड्रायर वापरलात तर चकती गार होईपर्यंत रीडिंगकडे पाहू नका. तापमान बदलले की तीही चार्ज देते.

प्रश्न : आमचा आयईपीई अ‍ॅक्सिलरोमीटर (कंपन मोजणारा, आतल्या सर्किटला कार्डाकडून करंट लागणारा पायझो सेन्सर) सपाट रेषा दाखवतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सेन्सर जोडलेला ठेवून, केबलमध्ये टी-जोड (तीन तोंडांचा कनेक्टर) घालून त्यावर डीसी व्होल्टेज मोजा. 8 ते 14 व्होल्ट असतील तर सेन्सर बहुधा ठीक, मग सॉफ्टवेअरमधली रेंज आणि चॅनेल तपासा. पुरवठ्याइतके, म्हणजे 24 च्या आसपास, आले तर तार तुटलेली किंवा कनेक्टर सैल. शून्याजवळ आले तर शॉर्ट, कनेक्टरमध्ये पाणी, किंवा कार्डात 4 मिलिअँपिअरचा करंट सुरूच केलेला नाही. ही शेवटची शक्यता सगळ्यात आधी पाहा.