मक्याच्या पेजेत यीस्ट उपाशी का राहते?

प्रश्न : गुळाच्या कोमट पाण्यात यीस्ट घातले, तर अर्ध्या तासात फेस आला. मक्याच्या पिठाची पेज शिजवून, निववून तिच्यात तेच यीस्ट घातले, तर दिवसभरात काहीच घडले नाही. मैद्याची कणीक मात्र यीस्टने फुगते. मग मक्यापासून इथेनॉल होते तरी कसे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या यीस्टमध्ये दोष नाही. मक्यातील स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी असून ती तोडणारे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, पाव करण्याच्या यीस्टजवळ नसते. गुळातील साखर यीस्ट सहज फोडते, म्हणूनच मळीपासून इथेनॉल करताना बाहेरून एन्झाइम घालावे लागत नाही. मैद्यात थोडी साखर आणि गव्हाची स्वतःची एन्झाइमे असतात. आपण पेज उकळलीत तेव्हा मक्यात होती नव्हती ती एन्झाइमेही निकामी झाली.

कारखान्यातही दळलेला मका पाण्यात शिजवतातच, कारण स्टार्चचे दाणे फुगून फुटल्याशिवाय साखळ्या मोकळ्या होत नाहीत. पण त्या वेळी सुमारे 85 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णता सोसणारे अल्फा-अमायलेज हे एन्झाइम घातलेले असते. ते साखळी मध्येच कुठेही तोडते आणि घट्ट लापशी पाण्यासारखी पातळ होते. पुढे ग्लुकोअमायलेज त्या तुकड्यांच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सुटे करते. हे एन्झाइम अनेक ठिकाणी यीस्टबरोबरच, 32 अंशांच्या आसपास घालतात, म्हणजे ग्लुकोज जसजसे सुटेल तसतसे यीस्ट ते संपवते आणि अति साखरेचा ताण त्याच्यावर येत नाही.

हिशेबाने 100 किलो स्टार्चपासून सुमारे 72 लिटर इथेनॉल मिळायला हवे. प्रत्यक्षात काही ग्लुकोज यीस्टच्या स्वतःच्या वाढीत खर्च होते. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून निघालेली वाफ पुन्हा थंड करून, इथेनॉल वजनाने 95.6 टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. उरलेले पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या गोळ्यांत शोषून घ्यावे लागते, नाहीतर पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते वेगळे होऊन तळाशी बसू शकते.

घरी ऊर्ध्वपातनाच्या फंदात पडू नये, त्याला परवाना लागतो. साखळी तुटताना मात्र अवश्य पाहावी. दाट पेज बोट जेमतेम सोसेल इतकी निवली की तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे दोन चमचे पीठ ढवळावे. मोडांतील अमायलेजमुळे थोड्याच वेळात पळीला चिकटणारी पेज धारेने खाली पडू लागेल. तासाभराने ती कोमट झाल्यावर यीस्ट घालावे.