नाशिकमध्ये रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारसाठी कोणते परफॉर्मन्स टायर घ्यावेत?

तुमच्या गाडीला २२५/४० आर १८ मापाचे टायर आहेत (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची), रोजचे जाणे-येणे गंगापूर रोड ते अंबड असे आहे, सुट्टीच्या दिवशी कसारा किंवा त्र्यंबकच्या बाजूला फेरी होते, आणि आता ट्रॅकवर वापरतात तसे मऊ रबराचे टायर व त्यासोबत १९ इंची अलॉय घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही घेऊ नयेत. आपल्याकडे आधी ओल्या रस्त्यावरची पकड पाहावी, मग साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. कोरड्या रस्त्यावरची कमाल पकड त्यानंतर.

ट्रॅकच्या अशा मऊ टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती हळू झिजतो याचा साइडवॉलवरील निर्देशांक) २०० किंवा त्याहून कमी असतो आणि त्यांचे रबर चांगले तापल्यावरच खरी पकड देते. ट्रॅकवर सलग जोरदार ब्रेक आणि वळणे घेतल्यावर ते तापमान मिळते. द्वारका चौकातल्या गर्दीत कधीच मिळत नाही. शिवाय या टायरची नक्षी उथळ आणि खाचा कमी असल्यामुळे त्यांना साचलेले पाणी बाजूला सारता येत नाही, चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. जून ते सप्टेंबर इगतपुरी आणि त्र्यंबकचा पाऊस पाहता हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून टायर किती टिकेल याचा हिशेब करू नये.

त्याऐवजी रस्त्यासाठी बनवलेले वरच्या दर्जाचे समर टायर, म्हणजे उबदार हवामानातल्या कोरड्या व ओल्या रस्त्यांसाठीचे टायर, घ्यावेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोन पोटेन्झा, गुडइयर ईगल एफ१ ही त्या वर्गातली परिचित नावे आहेत. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे हवे ते मॉडेल हव्या त्या मापात मिळेलच असे नाही. म्हणून एकाच नावावर अडून न बसता याच वर्गातले दोन-तीन पर्याय मनात ठेवावेत. समर टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते. थंडीच्या लाटेत आपल्याकडचा पारा पहाटे तिथवर उतरतो, पण तेवढ्यासाठी वेगळ्या प्रकारचा टायर घेण्याची गरज नाही. अशा सकाळी सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी जपून चालवली म्हणजे पुरे.

आता मापाकडे वळतो. २२५/४० आर १८ ची साइडवॉल ९० मिलिमीटर उंच असते. २२५/३५ आर १९ घेतल्यास ती ७९ मिलिमीटरवर येते आणि २२५/४५ आर १७ घेतल्यास १०१ मिलिमीटर मिळते. चाकाचा एकूण व्यास मात्र तिन्हींत जवळपास सारखाच, ६३४ ते ६४० मिलिमीटर, राहतो. पावसात त्र्यंबक रोडवर पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक त्यात आदळते आणि खड्ड्याची धार व रिम यांच्या कात्रीत साइडवॉल चिमटली जाते. आतले धागे तुटतात, बाहेरचे रबर शाबूत राहते आणि काही वेळाने त्या जागी लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. तुमच्या ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतला, ब्रेक पॅड दाबणारा भाग) १७ इंची रिम घासत नसेल, तर मी तेच माप निवडेन. घासत असेल, तर कंपनीचे १८ इंची माप तसेच ठेवावे.

दुकानात टायर गाडीला चढवण्याआधी साइडवॉल स्वतः वाचावी. ९२ वाय असे लिहिले असेल, तर तो टायर ६३० किलो भार (९२ हा भार-निर्देशांक) आणि ताशी ३०० किलोमीटर वेगासाठी (वाय हे वेगाचे अक्षर) प्रमाणित आहे; गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भार-निर्देशांकापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. साइडवॉलवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी उत्पादनाची तारीख सांगणारे चार अंक असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे. चारही टायर एकदम बदलता आले तर उत्तम. दोनच बदलायचे असतील, तर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी नवे टायर मागे लावावेत, कारण ओल्या वळणावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते आणि तिला सावरणे फार अवघड जाते.

कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर नक्षीची आहे, परंतु टायर गोटा होईपर्यंत थांबणे पावसाळी भागात योग्य नाही. मे महिन्यात नक्षी ३ मिलिमीटरपर्यंत आलेली दिसली, तर पावसाआधीच टायर बदलावेत. नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट लगेच करून घ्यावे, कारण टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असेल तर आतली कड बाहेरून न दिसता झिजत जाते. हवा गाडी थंड असतानाच, दरवाजाच्या खांबावरील स्टिकरवर दिल्याप्रमाणे भरावी. इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर जाणार असाल, तर त्याच स्टिकरवरील पूर्ण भाराचा आकडा पाहून हवा घरून निघतानाच भरून घ्यावी. तिथे सलग ताशी १२० किलोमीटरने गेल्यावर टायर तापतात आणि दाब वाढलेला दिसतो. तो वाढलेला दाब पाहून वाटेत हवा काढू नये.